गर्दीकर कुणाला?

गर्दीच्या वेळी शहरात मोटार आणायची तर पैसे मोजा, असं सिंगापूरने १९७५ साली सांगितलं, लंडनने २००३ साली. आपल्याकडे विषय निघाला की ‘हरकती व सूचना’ मागवायची भाषा सुरू होते. हरकती तयारच असतात. सूचना म्हणाल तर दादरकरांची एकच: कर जरूर लावा, पण परळच्या पुढे. परळकर गिरगावकडे बोट दाखवतात. आणि गिरगावकराची गाडी चाळीच्या दारात बारा महिने उभीच, म्हणजे रहदारीत तिची भर शून्य (हे त्याचं म्हणणं).

कारभाऱ्यांनी मात्र वाट पाहिली नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींना टोल माफ झाला. मे २०२५मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं. म्हणजे गर्दीकर आला की! फक्त तो मोटारवाल्याऐवजी लालबागच्या थांब्यावर ताटकळणाऱ्याकडून, सुट्ट्या पैशांत घेतला जातो.

आणि बिनधुराचं वाहन हवं म्हणता? होतं ना. विजेवरची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला गेली. रूळ उखडले, रस्ता मोकळा झाला. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.