पंपराव

लीड्सच्या मराठी मंडळींत ज्यांना सगळे पंपराव म्हणतात, त्यांचं खरं नाव आता फक्त पासपोर्टवर उरलं आहे. सासूबाई जावईबापू म्हणतात, वहिनी 'अहो' म्हणतात, आणि बाकी आम्ही सगळे पंपराव. मूळ सांगलीचे, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनियर, वृत्तीनं कीर्तनकार. इंग्लंडात कुठेही चार मराठी घरं एकमेकांकडे जेवायला जाऊ लागली की त्यांत असा एक गृहस्थ निघतोच. आधी तो सोलार पॅनेलचा असतो, मग इलेक्ट्रिक गाडीचा होतो. २०२२ साली गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्याला सरकारनं पाच हजार पौंड द्यायला सुरुवात केली आणि या जातीला अवतारकार्य सापडलं.

पंपरावांनी पहिल्याच उन्हाळ्यात पंप बसवला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात अनुदान साडेसात हजार झालं. हा विषय त्यांच्यासमोर काढू नये.

त्यांच्याकडे हिवाळ्यात जेवायला जाण्याची एक पद्धत आहे. दारात बूट काढायचे, कोट वहिनींच्या हाती द्यायचा आणि कुठेही हात न लावता थेट सोफ्यावर बसायचं. नवखा पाहुणा मात्र सवयीनं रेडिएटरवर हात ठेवतो. तो कोमट लागतो. पाहुणा निष्पापपणे विचारतो, "बंद आहे वाटतं?"

"बसा," पंपराव म्हणतात. हे 'बसा' पाहुणचाराचं नसतं.

"मला सांगा, खोलीत थंडी वाजतेय का? नाही ना? मग तुम्हाला अंगाला ऊब हवी की हाताला चटका?"

इथे शहाण्यानं "ऊब" म्हणून विषय संपवावा. पण पाहुण्यांत एखादा तरी विचारतोच की बाहेर दोन डिग्री असताना ही ऊब येते कुठून.

"बाहेरून!" पंपराव एवढ्या आनंदानं सांगतात की जणू बाहेर त्यांनीच ठेवली होती. "दोन डिग्री म्हणजे थंड, हे कुणी ठरवलं? तुमच्या कानांनी. उष्णता खरोखर संपायची तर उणे २७३ पर्यंत खाली जावं लागतं. तिथून मोजा. आजची हवा त्याच्या २७५ अंश वर आहे. उष्णता रग्गड पडलीय अंगणात. फक्त ती खालच्या पायरीवर आहे आणि आपण वरच्या. आपल्या आपण ती वर चढत नाही, तिला चढवावं लागतं."

मग प्रात्यक्षिक. कोविडच्या काळातली सॅनिटायझरची बाटली त्यांनी एवढ्यासाठीच जपली आहे. पाहुण्याच्या तळहातावर दोन थेंब पडतात, हात गार होतो. द्रवाची वाफ होताना ती हाताची उष्णता घेऊन गेली, हा पहिला धडा. मग जिन्याखालून सायकलचा पंप येतो. त्याचं तोंड बोटानं दाबून दहा-बारा वेळा जोरात मारायचा आणि नळीला हात लावायचा. हवा दाबली की तापते, हा दुसरा धडा. बाहेरच्या पेटाऱ्यात आणि आतल्या नळ्यांत याहून वेगळं काही चालत नाही. असा एक द्रव घ्यायचा, जो कडाक्याच्या थंडीतही उकळतो. त्यांच्या यंत्रात प्रोपेन आहे, त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२. बाहेरची दोन डिग्रीची हवा पंख्यानं त्याच्या नळ्यांवरून फिरवली की त्याला ती हवा चुलीइतकी गरम. तो तिची उष्णता घेऊन वाफ होतो. ती वाफ कॉम्प्रेसरनं दाबायची, ती सणकून तापते. मग तिची ऊब घरातल्या पाण्याला द्यायची. ऊब देता देता वाफेचा पुन्हा द्रव होतो. त्याला एका बारीक झडपेतून सोडलं की दाब पडतो, तो परत थंडगार होतो आणि पुन्हा बाहेरची उष्णता घ्यायला मोकळा.

प्रोपेन म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधलाच, हे कळल्यावर पाहुणे खुर्ची जराशी मागे घेतात. तो थोडासाच असतो, सीलबंद असतो आणि बाहेरच्या पेटाऱ्यात असतो, हे पंपराव सांगतात. खुर्ची मात्र तिथेच राहते.

एकदा सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपला माठच की." पंपराव गप्प झाले. सासूबाई बरोबर होत्या. माठातलं पाणी पाझरून उडून जातं आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. फरक एवढाच की माठातलं पाणी गेलं ते गेलं, आणि पंप आपला द्रव पकडून परत आणतो. जावयानं हा फरक सांगितला. "त्यालाच वीज लागत असणार," सासूबाई म्हणाल्या. लीड्समधल्या कुणालाही हे इतक्या झटकन समजलेलं नाही.

विजेवर पंपरावांचं लाडकं वाक्य आहे: "वीज इथे माल नाही, हमाल आहे." साध्या विजेच्या हीटरमध्ये एक युनिट वीज घाला, एक युनिट उष्णता मिळते, कारण तिथे विजेचीच उष्णता होते. पंपात वीज फक्त बाहेरचा माल आत वाहून आणते, म्हणून एका युनिटमागे तीन-साडेतीन युनिट उष्णता घरात पडते. हे ऐकून आमच्यातले एक चार्टर्ड अकाउंटंट म्हणाले की एकाचे तीन देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, असं मी माझ्या अशिलांना सांगतो. पंपरावांनी त्यांना हिवाळाभर रोज मीटरचा फोटो पाठवला. शेवटी अकाउंटंटसाहेबांनी त्यांना म्यूट केलं, पण एकाचे तीन होतात हे मान्य करून.

खरी गोम पुढे आहे आणि ती पंपराव पहिल्या जेवणाला सांगत नाहीत. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट महाग. तेव्हा एकाचे तीन झाले तरी बिल गॅसपेक्षा कमी होत नाही, उलट थोडं वाढतं. एकाचे चार होऊ लागले की पैसे वाचायला लागतात. या तीन आणि चारच्या मध्ये पंपरावांचं सगळं आयुष्य अडकलं आहे.

तिनाचे चार व्हायचे तर हमालाला जिने कमी चढायला लावायचे, म्हणजे रेडिएटरचं पाणी कमी तापवायचं. बॉयलर पासष्ट-सत्तर डिग्रीचं पाणी फिरवत असे. पंप चाळीसच्या आसपास खूश. पण कोमट रेडिएटरनं खोली तापवायची तर तो मोठा हवा. म्हणून पंपरावांच्या दिवाणखान्यात आता भिंतभर रेडिएटर आहे आणि सोफा खिडकीखालून निघून टीव्हीला तिरका झाला आहे. जुना बॉयलर लागेल तेव्हा नळाला गरम पाणी देत असे. पंपाला ते जमत नाही, त्याला पाण्याची टाकी लागते. टाकी गेली जिन्यावरच्या कपाटात आणि कपाटातले पापड, कुरडया, भाजणी, दर खेपेला भारतातून आणलेले मसाल्याचे डबे आणि 'पुढच्या वेळी लागतील' म्हणून ठेवलेल्या रिकाम्या बॅगा गेल्या मुलीच्या खोलीत. मुलगी युनिव्हर्सिटीतून सुटीला येते तेव्हा कुरडयांशेजारी झोपते. टाकीत जंतू होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा पाणी साठ डिग्रीपर्यंत तापतं. त्या संध्याकाळी पंपराव आमच्या मराठी ग्रुपवर तसं जाहीर करतात. का, ते कुणी विचारत नाही.

इतिहासही त्यांना पाठ आहे. लॉर्ड केल्विननं १८५२ मध्येच ही कल्पना मांडली होती, झुरिकच्या टाऊन हॉलमध्ये १९३८ साली लिमाट नदीच्या पाण्यातली उष्णता काढून सभागृह गरम केलं. लंडनला आलेल्या नातेवाइकांना ते बिग बेनला नेत नाहीत, नदीच्या दुसऱ्या काठाला रॉयल फेस्टिव्हल हॉलसमोर उभं करतात. १९५१ मध्ये या वास्तूला थेम्सच्या पाण्यातून उष्णता ओढणारा पंप लावला होता. तो फार काळ टिकला नाही, हे मात्र नातेवाइकांना माझ्याकडून कळतं. थंड देशात हे चालत नाही असं कुणी म्हणालं तर त्यांचं उत्तर एका शब्दाचं असतं: "नॉर्वे." तिथे निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत. इथे खरोखर दुसरी बाजू नाही. युरोपात थंडी जिथे सर्वांत जास्त, तिथेच हे यंत्र घरांच्या प्रमाणात सर्वांत जास्त खपलं आहे.

नामुष्कीचा प्रसंग म्हणाल तर पहिल्याच उन्हाळ्यातला. १९ जुलै २०२२ ला ब्रिटनच्या इतिहासात पहिल्यांदाच पारा चाळीसच्या वर गेला. लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ नोंदला गेला, आणि लीड्समध्ये आम्ही सगळे पोरंबाळं घेऊन पंपरावांच्या दारात. हेच यंत्र उलटं फिरतं, चार तोंडांची एक झडप फिरवली की आतली उष्णता बाहेर जाते, हे त्यांनीच तर सांगितलं होतं. ते खरंही आहे. फ्रिज, एसी, हीट पंप, तिन्ही एकाच कुळातले. पण रेडिएटरमधून थंड पाणी फिरवलं तर हवेतली वाफ त्यावर जमते, पाणी ठिबकतं, गालिचा भिजतो, भिंतीला बुरशी धरते. थंडावा हवा तर खोलीत पंख्याचं युनिट लागतं, आणि ते त्यांनी बसवलेलं नव्हतं. गळ्यात ओला पंचा घेऊन पंपरावांनी दवबिंदू या विषयावर आम्हाला व्याख्यान दिलं. वहिनींनी सोलकढी दिली.

त्याआधी मे महिन्यात, पंप बसत असतानाच, नागपूरहून धाकट्या भावाचा फोन आला होता. पंचेचाळीस डिग्री, दुपारची वेळ.

"अरे बाळ्या, तुझा एसी म्हणजे हीट पंपच आहे. फक्त त्याला उलटी फिरणारी झडप नाही, म्हणून अर्धा."

"उरलेला अर्धा तुझ्याकडेच ठेव, दादा," बाळ्या म्हणाला.

आणि हिवाळ्यातला तो ढग. दमट थंडीत बाहेरच्या पेटाऱ्यावर बर्फाची साय धरते. ती काढायला यंत्र काही मिनिटं उलटं फिरतं, घरातली थोडी ऊब बाहेर नेऊन बर्फ वितळवतं आणि अंगणातून वाफेचा मोठा लोट उठतो. रस्त्यावरून जाणारा पोस्टमन दार ठोठावून सांगतो की मागे काहीतरी पेटलंय. पंपराव त्याला आत बोलावतात. त्या दिवशी गल्लीतली पत्रं उशिरा मिळतात.

पण त्यांची खरी शोकांतिका त्यांच्या बोटांत आहे. हीट पंपाला घाई चालत नाही. बॉयलरसारखं सकाळी तासभर, संध्याकाळी दोन तास असं दणक्यात नाही चालवायचं. मंद, सतत, दिवसरात्र चालू ठेवायचं आणि विसरून जायचं. बाहेरचं तापमान पाहून आतलं पाणी किती तापवायचं हे यंत्रच ठरवतं. हे सगळं पंपराव दुसऱ्यांना समजावून सांगतात आणि सांगता सांगता फोनवरच्या अॅपमध्ये पाणी अर्ध्या डिग्रीनं खाली आणतात. पहाटे तीनला उठून पाहतात. बेडरूममध्ये जरा गार वाटलं की वर नेतात, आलेख चढला की खाली आणतात. एका लग्नात आंतरपाट धरलेला असताना मामा म्हणून उभे असलेले पंपराव खिशातला फोन बघत होते, आणि भटजींनी "सावधान" म्हटल्यावर त्यांनी तो घाईनं आत टाकला. वहिनींचं एकच म्हणणं आहे: "अहो, त्याला जरा एकटं सोडा."

शेजारी ऐंशी उलटलेल्या एक इंग्लिश आजी राहतात. त्यांच्या मुलानं त्यांच्याकडेही पंप बसवून दिला. पंपरावांनी कुंपणावरून ओळख वाढवली आणि एका रविवारी मीटर बघायची परवानगी मिळवली. आजींच्या घरी एकाचे ३.९ होत होते. पंपरावांकडे ३.४. घरं सारखी, एकाच भिंतीला लागून, दोन्ही १९३०च्या दशकातली.

"तुम्ही सेटिंग काय ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

आजी म्हणाल्या, फिटर जाताना हात लावू नका म्हणाला होता. मी लावला नाही.

त्यानंतर चार दिवस पंपराव ग्रुपवर आले नाहीत. पाचव्या दिवशी आजींच्या घराची दक्षिण बाजू आणि पोटमाळ्यातलं इन्सुलेशन यांची तुलना करणारा तक्ता आला.

वाचकहो, तुम्ही इंग्लंड-वेल्समध्ये राहत असाल आणि बॉयलर शेवटच्या घटका मोजत असेल, तर पंपरावांचं ऐका. माणूस कंटाळवाणा असला तरी खोटं बोलत नाही. आधी पोटमाळा आणि भिंती नीट भरून घ्या. घर बाहेरून बघून अंदाजानं आकडा सांगणाऱ्याला नव्हे, खोली-खोलीचा उष्णतेचा हिशोब मांडून देणाऱ्या फिटरला काम द्या. रेडिएटर लहान पडत असतील तर बदला, तिथे पैसे वाचवू नका. उन्हाळ्याचीही सोय हवी असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा. काम झालं की आजींसारखं वागा. आणि पंपरावांना घरी बोलवायचंच असेल तर जेवणं आटोपल्यावर बोलवा.