उद्याचा पेपर

आपल्या पेपरांत भविष्य रोज छापून येतं. मेष ते मीन, बारा राशी, कुणाला धनलाभ, कुणाला प्रवासयोग. 2050 मध्ये गावच्या विहिरीला पाणी असेल का, हे मात्र त्यात कुणी सांगत नाही.

जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली होती. 27 ज्योतिषी, प्रत्येकाला 40 कुंडल्या. मूल हुशार आहे की गतिमंद, एवढंच सांगायचं. निकाल छापा-काट्यापेक्षा सरस लागला नाही.

राशिभविष्य आजही छापलं जातं.

त्याच कागदावर भविष्य लिहिण्याची एक प्रामाणिक रीतही आहे. विज्ञानकथा लिहायची, पण बातमीच्या किंवा अग्रलेखाच्या रूपात. वर तारीख पुढच्या एखाद्या वर्षाची टाकायची. मग त्या दिवशीच्या वार्ताहराला जे सांगावंसं वाटेल तेवढंच सांगायचं.

‘न्यूयॉर्क टाइम्स’नं 27 मे 2019 रोजी नेमकी अशी मालिका सुरू केली. पहिला लेख विज्ञानकथाकार टेड च्यांग यांचा, काळ 2059 चा. गरीब घरांतल्या मुलांना जन्माआधीच जनुकीय बदल करून बुद्धिमत्ता फुकट वाढवून देणारा एक प्रकल्प पंचवीस वर्षांपूर्वी झालेला आहे. मुलं खरोखरच हुशार निघाली आहेत. मग नोकऱ्या, पगार, मानमरातब कुणाला मिळाला?

श्रीमंतांच्याच मुलांना.

हुशारी वाटता आली. ओळखी, वशिला आणि वडिलांचा पैसा वाटता आला नाही. कादंबरीकाराला हे सांगायला तीनशे पानं लागली असती. इथे पेपरातल्या एका लेखात काम भागलं.

कशामुळे भागतं? पेपर समजावत बसत नाही म्हणून. ‘मोबाइल म्हणजे खिशात मावणारं बिनतारी यंत्र’ असं आजचा वार्ताहर लिहितो का? मग 2080 च्या वार्ताहरानं उडत्या मोटारीचं वर्णन का करावं? त्यानं उडत्या मोटारीच्या पार्किंगवरून सोसायटीत झालेली मारामारी लिहावी. वाचक उरलेलं जग स्वतः उभं करतो.

नवशिके इथेच घसरतात. त्यांच्या बातमीत शास्त्रज्ञ उभा राहून दोन परिच्छेद भाषण ठोकतो. असली बातमी कुठल्या उपसंपादकानं आजवर पानावर जाऊ दिली आहे?

या प्रकाराचा इतिहास तसा धुतल्या तांदळाचा नाही. ऑगस्ट 1835 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’नं सहा लेख छापले. चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली म्हणे, आणि पाहणारे कोण, तर प्रख्यात खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल. हर्शेल तेव्हा दक्षिण आफ्रिकेत दुर्बीण लावून बसले होते, एवढंच त्यात खरं. 1844 च्या एप्रिलमध्ये त्याच पेपरात एडगर अ‍ॅलन पो यांनी बलूनमधून तीन दिवसांत अटलांटिक ओलांडल्याची बातमी रंगवली. दोन दिवसांत पेपरला ती मागे घ्यावी लागली.

मग 30 ऑक्टोबर 1938. ऑर्सन वेल्स यांनी रेडिओवर मंगळवासीयांची स्वारी बातम्यांच्या स्वरूपात ऐकवली. दुसऱ्या दिवशी पेपरांनी छापलं की अमेरिकेत हाहाकार उडाला. पुढे अभ्यासकांनी धांडोळा घेतला तेव्हा कळलं, घबराट झाली ती थोडीच. फुगवली गेली ती बातमी.

फुगवणारे होते पेपरवाले, कारण रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता.

या सगळ्यांतून एक नियम निघतो आणि तो कडक आहे. कल्पनेवर आजची तारीख टाकली की फसवणूक. पुढची तारीख टाकली की साहित्य. च्यांग यांच्या लेखावर 2059 लिहिलेलं होतं आणि हे काल्पनिक असल्याचा खुलासाही सोबत होता. वाचकाला फसवलं नाही, तरी लेख बोचला.

आज हा नियम पूर्वीपेक्षा महत्त्वाचा आहे. पेपरच्या कात्रणासारखं दिसणारं बनावट चित्र आता कुणीही दोन मिनिटांत करतो आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर काकांपासून कलेक्टरांपर्यंत फिरतं. तेव्हा भविष्यातली बातमी छापणाऱ्यानं तारीख मथळ्याइतकी ठळक टाकावी. यात कसली आली कलेची हानी?

हे सगळं परदेशी खूळ आहे, असं म्हणणारे भेटतीलच. त्यांच्यासाठी एक तपशील. ‘सन’मध्ये चंद्रावरची माणसं उडत होती, त्याच 1835 मध्ये कलकत्त्याच्या एका इंग्रजी साप्ताहिकात कैलासचंद्र दत्त नावाच्या बंगाली तरुणानं 1945 सालातल्या 48 तासांची हकिकत लिहिली. विषय, इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव. 1857 ला अजून बावीस वर्षं होती. त्याच्या कथेतला उठाव चिरडला जातो. खरं स्वातंत्र्य त्याच्या तारखेनंतर दोनच वर्षांनी आलं.

कुठल्या राशीत होतं हे?

आणि मराठीत? मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 1974 मध्ये नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं पाठवली. नावाला भुलून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. पुढे त्यांनीच पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेलं एक जग ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मध्ये उभं केलं आणि ते आपल्याला फार आवडलं. 1761 बदलायला आपण एका पायावर तयार असतो. 2061 लिहायला कोण बसणार?

साहित्य तर पेपरात पडूनच आहे. छोट्या अक्षरांतली जाहीर नोटीस घ्या: अलिबाग तालुक्यातली अमुक गट नंबरची मिळकत, जी आता भरतीच्या वेळी पाण्याखाली असते, तिच्यावर कुणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत वकिलांकडे कळवावं. वाढत्या समुद्रावरच्या दहा परिसंवादांपेक्षा ही नोटीस जास्त टोचेल. लग्नाच्या जाहिरातीत जातीच्या शेजारी जनुकांचा अहवाल मागितलेला असेल. मराठवाड्यातल्या एखाद्या गावच्या टँकरचं कंत्राट तिसऱ्या पिढीकडे गेल्याची दोन ओळींची बातमी असेल, आणि त्यात आश्चर्य वाटल्याचा एकही शब्द नसेल.

यासाठी यंत्रमानव लागत नाही. तलाठी कार्यालय माहीत असलेला लेखक लागतो.

दिवाळी अंकांत विज्ञानकथा येतात, चांगल्या येतात. पण वर्षातून एकदा, आणि मुद्दाम अंक विकत घेणाऱ्यांसाठी. रोजचा पेपर चहाच्या टपरीवरही वाचला जातो. 2050 तिथे पोहोचायला हवं, कारण तेव्हाचं पाणी, शाळा आणि किनारा यांचे निर्णय आज होत आहेत आणि टपरीवरचा माणूस आज मत देतो आहे.

तेव्हा संपादकहो, आठवड्यातून एकदा राशिभविष्याची जागा रिकामी करा. तिथे सातशे शब्दांची उद्याची बातमी छापा. वर ठळक तारीख टाका, खाली ‘काल्पनिक’ असं स्पष्ट लिहा, आणि लेखकाला मानधन वेळेवर द्या.