समुद्र दिसण्याचे भाडे

क्रोएशियातील दुब्रोव्हनिक पाहुण्यांना शिस्त लावायला फार पूर्वी शिकले. प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांनी शहरात शिरण्यापूर्वी 30 दिवस बाहेर काढावेत, असा कायदा तेव्हाच्या रागुसा प्रजासत्ताकाने 1377 मध्ये केला. पुढे त्यासाठी प्लोचे दरवाजाबाहेर, समुद्रालगत, लाझारेती ही दगडी वास्तू उभी राहिली. समोर निळा समुद्र होता. फक्त हौस नव्हती. 1897 मध्ये पिले दरवाजाबाहेर इम्पिरियल हॉटेल उघडले आणि पाहुणे शहराच्या तटबंदीबाहेर स्वखुशीने, शिवाय पैसे मोजून, राहू लागले. आता लाझारेतीच्या पुढेच आलिशान हॉटेलांची रांग आहे. तेथील खोल्या दोन प्रकारच्या: समुद्र दिसणाऱ्या आणि परवडण्याची शक्यता असलेल्या. पहिल्या प्रकारात लोक्रुम बेट आणि जुना तट भाड्यातच दिसतात. त्याच सुमारे 1,940 मीटर तटावर चढायचे तर तिकीट वेगळे. किनारा खडकाळ असल्याने सिमेंटचा ओटा आणि पाण्यात उतरणारी लोखंडी शिडी यांना ‘खासगी किनारा’ म्हणतात. खोल्यांचे दर ऑगस्टमध्ये चढतात. हिवाळ्यात बरीच हॉटेले बंद होतात आणि उरलेल्या रहिवाशांना तोच समुद्र फुकट बघावा लागतो.