पूरग्रस्त

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना 'कसे आहात?' असं विचारत नाहीत. 'पुलाला किती?' असं विचारतात. पूल म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा आयर्विन. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. आमच्या गावभागातले आप्पा मात्र फुटांत बोलत नाहीत. "२००५ ला बंपर, १९ ला टप, २१ ला सीट," असा महापुरांचा इतिहास ते तीन शब्दांत सांगतात. त्यांची मोजपट्टी म्हणजे वाड्याच्या बोळात उभी असलेली १९६९ सालची फियाट ११०० डी.

आप्पा हा काही एकटा माणूस नव्हे, ती जात आहे. महाडला, चिपळूणला, कोल्हापुरात, जिथे जिथे नदी घरात येते तिथे असा एक गृहस्थ असतोच. गाडी विकत नाही, चालवत नाही, आणि कुणाला तिला 'भंगार' म्हणू देत नाही. हळदीच्या पेढीवर पस्तीस वर्षं हिशेब लिहिलेला हा माणूस, पण गाडीवर गेलेल्या पैशांची वही त्याने आजवर घातलेली नाही.

या फियाटीशी आपलं नातं आहे असं आप्पा मानतात. ती कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात झाली, प्रीमियर वालचंद हिराचंदांनी काढली, वालचंद मूळचे सोलापूरचे आणि त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आपल्या विश्रामबागेत. "म्हणजे गाडी घरचीच की!" या न्यायाने कॉलेजातली दोन-चार पोरं दरवर्षी धरून आणली जातात. त्यांना स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गियर दाखवला जातो. पोरं फोटो काढतात, चहा पितात आणि परत येत नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी चढू लागलं तेव्हा सगळा गावभाग गाड्या विश्रामबागेकडे, मिरजेकडे हलवत होता. आप्पा शांत होते. २००५ ला पुलाला ५३ च्या वर गेलं होतं तरी फक्त बंपर भिजला, असा त्यांचा हिशेब. त्यांनी जॅक लावून चारी चाकांखाली दोन-दोन विटा सारल्या आणि बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं. कृष्णाबाई ५७ च्याही वर गेली. आप्पा माडीवरून बघत होते. टप दिसेनासा झाला तेव्हा ते पहिल्यांदा खाली बसले, असं काकू सांगतात.

पाणी ओसरलं आणि मिस्त्री आला. आल्या आल्या ओरडला, "आप्पा, सेल मारू नगासा!" बरोबरच होतं त्याचं. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. त्याने चारी प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडलं, रात्रभर मुरवत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुली हाताने फिरवून पाहिली. चेंबरचा बोल्ट सोडल्यावर दुधाच्या चहासारखं ऑइल आलं. गियरबॉक्समध्येही चहा. डिफरन्शियलमध्ये निव्वळ गाळ. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले. पेट्रोलच्या टाकीत पाणी तळाला आणि त्यावर तरंगणारं, काकूंच्या मते २०११ सालचं, पेट्रोल.

इथे खरी मेख आहे. ही गाडी पुरात बंद पडली नव्हती. ती आठ वर्षं बंदच होती. म्हणून तर हलवता आली नाही. पण पुराआधी ती 'आप्पांची बंद गाडी' होती. पुरानंतर ती 'पूरग्रस्त' झाली. कुजलेला पत्रा, उंदरांनी खाल्लेली वायरिंग, काथ्या बाहेर आलेल्या सीटा, सगळं कृष्णेच्या खात्यावर जमा झालं. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यांना आप्पांनी धान्याच्या कणग्या दाखवायच्या आधी डायनॅमो दाखवला. ते भले गृहस्थ. म्हणाले, "आप्पा, याला रकाना नाही हो."

शेजारच्यांची नवी कोरी गाडीही बुडाली होती. विम्याचा माणूस आला, आत डोकावला आणि सगळी गाडी मोडीत धरून गेला. या गाड्यांचा मेंदू म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक डबा. त्यात गाळ गेला की दुरुस्तीपेक्षा नवी परवडते. त्या दिवशी आप्पांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मुलीच्या लग्नातही नव्हतं. "आमच्या गाडीला मेंदूच नाही, बिघडेल काय?" असं ते गल्लीभर सांगत फिरले. काकू एवढंच म्हणाल्या, "मालकावर गेलीय."

मग इंजिन उतरवून मिस्त्रीकडे गेलं. २१ च्या पुरात ते तिथे उंचावर होतं म्हणून वाचलं, आणि हे जणू आपणच योजून केलं अशा थाटात आप्पा सांगतात. बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतले. तिथे नमुना दिला की काहीही बनवून मिळतं अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. दारांची रबरं मुंबईच्या चोरबाजारातून आली. २०२३ च्या ऑक्टोबरात याच फियाटीच्या वंशातली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून हटली, तेव्हा आप्पांनी चक्क एक दिवस दाढी केली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भंगारात आता कार्बोरेटर स्वस्त मिळतील का, याची चौकशी सुरू केली.

मध्येच त्यांना कळलं की २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांपुढच्या मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. खाली बारीक अक्षरांत होतं की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येणार नाही. काकूंनी चष्मा लावून वाचलं. "याला सरकारचा नियम कशाला हवा होता?"

गेल्या दसऱ्याला इंजिन बसलं. मिस्त्रीने डेल्कोचा पॉइंट घासला, चोक ओढला, सेल मारला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा १०८९ सीसीचं ते इंजिन निळा धूर सोडत खरोखर सुरू झालं. बोळातली कबुतरं उडाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू आत गेल्या, ठेवणीतली साडी नेसून, पर्स घेऊन आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. "चला, नरसोबाच्या वाडीला जाऊन येऊ."

आप्पा बॉनेटपाशी कान लावून उभे होते. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यांना करायला काही उरलं नव्हतं, आणि ते स्पष्ट दिसत होतं. मिनिटभराने त्यांनी हात वर केला. "बंद कर, बंद कर. टॅपेट वाजतंय. हेड खोलायला लागणार."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी कबुतरांकडे. किल्ली फिरली. आप्पा प्रसन्न चेहऱ्याने पाने शोधायला आत गेले.

काकू तशाच मागच्या सीटवर बसून राहिल्या. जरा वेळाने त्यांनी काच खाली केली, सुनेला हाक मारून परात मागवली आणि मेथी निवडायला घेतली.