आजींचा डावा हात

"वहिनी, कळलं का? पलीकडच्या आजींना काल घरी आणलं."

"अगं बाई! हात थांबला का त्यांचा?"

"चहाचा कप धरण्याइतका तरी थांबलाय. नाहीतर गेल्या आठवड्यात काय तो प्रकार! डावा हात नुसता भिरभिरत होता. भाजीवाल्याला वाटलं, आपल्यालाच हाकलताहेत."

"मला तर कुणी सांगितलं, अंगात येतं म्हणून. आणि झोपल्या की हात अगदी गप्प! सुनेला वाटलं, सोंगच आहे सगळं."

"तिथंच फसतात लोक. असा उडणारा हात झोपेत शांतच होतो म्हणे. सोंग कसलं! रक्तातली साखर साडेचारशेच्या वर निघाली. गोळ्या सोडून कुणाचा तरी काढा घेत होत्या ना."

"साखरेनं हात उडतो?"

"मीही भाचीला हेच विचारलं, ती मेडिकलला आहे ना. म्हणाली, मावशी, हात मांडीवर स्वस्थ पडलेला असतो तेव्हाही मेंदूचं काम चालूच असतं. आत खोलवर बेसल गँग्लिया म्हणून पेशींचे पुंजके आहेत. त्यातला ग्लोबस पॅलिडस, आपण नुसते बसलो तरी, सेकंदाला ६०-८० वेळा 'नको, नको' असा निरोप धाडत असतो. उतारावर लावलेल्या गाडीचा हँडब्रेकच म्हण. हात हलवायचा तेव्हा तेवढ्यापुरता सैल सोडायचा. साखरेपायी आजींचा सैलच राहिला. बिघाड मेंदूच्या उजव्या बाजूला, म्हणून हात डावा."

"म्हणजे आमच्या मामंजींचं नेमकं उलट. पार्किन्सन. ब्रेक ओढलेलाच! दाराशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. मागून कुणी 'चला, चला' केलं की आणखीच. मग ह्यांनी फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल बरोब्बर उचलायचं. पाहुण्यांना वाटायचं, नातवंडांचा खेळ आहे."

"बघा! आजींचं बरं, इन्सुलिननं साखर उतरली तसा हात निवत गेला. पूर्ण थांबायला वेळ लागेल, पण बहुतेकांचा थांबतो."

"आणि सुनेनं लिंबू उतरवून टाकलं होतं, ते?"

"त्यावरूनच आज वाजलं ना! आजी म्हणाल्या, टाकलंस कशाला, चांगलं सरबत झालं असतं."

"साखर घालून?"

"दोन चमचे!"