युवा प्रतिनिधी बाबू

बाबू 42 वर्षांचा आहे आणि आमच्या धर्मग्रामाच्या तरुण संघाचा युवा प्रतिनिधी आहे. वसईत असा एखादा बाबू बहुतेक प्रत्येक चर्चच्या आवारात सापडतो. मिस्सेच्या वेळी तो शेवटच्या बाकामागे उभा असतो. बसायचं ते आईवडिलांनी. मग बाइकची चावी बोटावर गरगर फिरवत तो 'आमच्या यूथचं काय म्हणणं आहे' ते फादरांना ऐकवतो. फादर त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. तरी वर्गणीचा हिशेब निघाला की, "फादर, तुम्ही मोठी माणसं, तुम्हीच बघा!"

नाताळचा गोठा हा त्याचा प्रांत. कागदाचे डोंगर, पेंढ्याचं छप्पर, आरशाचं तळं, तळ्यात प्लॅस्टिकची बदकं. रात्री तीनपर्यंत जागून तो असा काही मांडतो की बक्षीस ठरलेलंच. सकाळी दूध आणायला मात्र सत्तरीची आई जाते. "दमलंय पोर," म्हणते. पोराला नोकरी आहे, पगारही बरा आहे, पण घरचं विजेचं बिल कोण भरतं हे त्याला अजून कळलेलं नाही. बाजाराला तरी असाच बाबू हवा असतो: पगार मोठ्या माणसाचा, हौस पोराची.

कुणी टोकलं की बाबू बायबल काढतो. "येशूसुद्धा तिशीपर्यंत घरीच होता ना?" लूकच्या हिशेबाने खरं आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानात गावकरी येशूला सुतार म्हणतात, ते पान बाबूच्या प्रतीत चिकटलेलं असावं. त्याचं लग्न झालेलं नाही, हा मुद्दाच नव्हे. लग्न फादरांचंही नाही, आणि अख्ख्या धर्मग्रामाची दुखणीखुपणी त्यांच्याच दारात येतात.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 13 वा अध्याय बाबूने कितीतरी लग्नांत ऐकलाय. प्रौढ झालो तेव्हा पोरपण टाकून दिलं, असं पौल तिथे 11 व्या वचनात सांगतो. पण लग्नाच्या मिस्सेतलं वाचन 8 व्या वचनापाशी थांबतं. बाबूही तिथेच थांबलाय.

2016 साली क्राकोमध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या तरुणांना बजावलं, सोफा सोडा, पायात बूट चढवा. बाबूने तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड केला, आडव्याआडव्याच. 2018 च्या रोमच्या धर्मसभेने युवक म्हणजे 16 ते 29 वर्षांचे, असं धरलं. त्यावर बाबूचं मत, "ते तिकडे युरोपात."

पूर्वी दृढीकरण संस्काराच्या वेळी बिशप गालावर हलकी चापट मारत: आता सोसायला तयार राहा, अशी खूण. 1971 च्या सुधारित विधीत ती चापट गेली. बाबूकडे बघून आमच्याकडची जुनी मंडळी म्हणतात, रोमने इथे जरा घाईच केली.

येत्या रविवारी संघाची निवडणूक आहे. बाबू पुन्हा उभा आहे आणि बिनविरोध येईल, कारण पंचविशीतली पोरं नोकरीच्या पाळ्या, वडिलांचं डायलिसिस आणि बँकेचे हप्ते सांभाळण्यात अडकली आहेत. त्यांतल्या कुणाच्या वाचनात हे आलं तर कृपा करून शनिवारपर्यंत अर्ज भरा. गोठ्याची काळजी नको, तो बाबू करील.