आपले काम सांभाळून

प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी चारचौघांत ओढून काढला, ही माझ्या २१ वर्षांच्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक. मागचं झाकण उघडायचं, कडेची पट्टी दाबायची आणि कागद अलगद ओढायचा, एवढंच. पण मोठ्या साहेबांनी ते पाहिलं. "अरे वा, मॅडमना येतं की!" म्हणाले. सरकारी कचेरीत एखाद्याला काही येतं हे उघडकीला आलं की त्याचं पुढे काय होतं, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं.

तो दिवस होता ३१ मे. आमच्याकडे निरोप समारंभांचा सुगीचा दिवस. जुन्या काळी पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो आभाळाकडे बघायचा, आणि गुरुजी शांतपणे १ जून लिहून मोकळे व्हायचे. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम. त्यामुळे दर वर्षी ३१ मेला गावातले हार संपतात. आमचे अधीक्षक आणि आमचे शिपाई मामा एकाच गावचे, एकाच वर्गातले. म्हणजे कागदोपत्री दोघांचाही जन्म एकाच गुरुजींच्या टाकातून, एकाच तारखेला. अधीक्षक ५८ पूर्ण करून शाल-श्रीफळ घेऊन गेले. मामा गट ड मधले, त्यांना ६० पर्यंत मुदत. "सायेब गेले, हापिस हाय आजून," असं म्हणत मामांनी टेबलावरचा हार उचलून पाटीला घातला.

समारंभ आटोपल्यावर मोठ्या साहेबांनी विचारलं, "मग चार्ज कुणाकडे देऊ या?" त्या क्षणी सगळी कचेरी हातातल्या वेफर्सकडे अशी निरखून बघायला लागली, की जणू त्यांच्यावर जावक क्रमांक छापलाय. आस्थापनेच्या भाऊसाहेबांना एकदम बीपी झालं. लेखा शाखेचे भाऊसाहेब म्हणाले, माझ्या डोक्यावर ऑडिटचे मुद्दे आहेत. तेवढ्यात कुणीतरी, आणि ते कोण हे मी शोधून काढणार आहे, हळूच बोललं, "मॅडमना प्रिंटरही जमतो."

दुसऱ्या दिवशी आदेश. 'आपले मूळ पदाचे कामकाज सांभाळून, पुढील आदेश होईपर्यंत.' मराठी राजभाषेत यापेक्षा गोड वाक्य नाही. यातला 'सांभाळून' मला ओळखीचा वाटला. आमच्या सासूबाई घरात वीस माणसं जेवायला बोलावून म्हणायच्या, "तुझी नोकरी सांभाळून कर हो, घाई नाही." अगदी तोच.

संध्याकाळी लेकीला आदेश दाखवला. ती पुण्यात आयटीत आहे, सुटीला आली होती. तिनं लगेच 'द ऑफिस' ही अमेरिकन मालिका लावली. "आई, हे बघ, तुझंच आहे." पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये कागद विकणारी एक कंपनी. तिथला ड्वाइट सगळ्यांना सांगत फिरतो की मी सहायक विभागीय व्यवस्थापक. आणि त्याचा साहेब दर वेळी दुरुस्ती करतो, विभागीय व्यवस्थापकाचा सहायक. लेक पोट धरून हसत होती. मला काही केल्या हसू येईना. 'अधीक्षक' आणि 'अधीक्षक (प्र.)' यांच्यात केवढं अंतर असतं हे मला त्याच दिवशी कळलं होतं. यात विनोद कसला? आमच्याकडे याचा शासन निर्णय निघतो.

मग तिनं २००९ सालातला एक भाग लावला. त्यात त्याच कंपनीतल्या जिमला बढती मिळते आणि एका कचेरीत दोन व्यवस्थापक होतात. पगारवाढ कुणाला द्यायची ते ठरेना, तेव्हा दोघं कर्मचाऱ्यांच्या फोटोंवर दाणे ठेवून हिशेब करायला बसतात. मी म्हटलं, "यांची एका कामाला दोन माणसं. आमच्याकडे दोन कामांना एक. आणि दाणे ठेवायचे तर आधी दाण्यांची खरेदी मंजूर करून घ्यावी लागेल."

खरी गंमत पुढे झाली. मामांनीच सांगितलं, "बाई, जादा कामाचा जादा पगार मागा. नियम हाय." होता खरा. महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१, त्यातला नियम ५६. आता प्रस्ताव करायचा कुणी? वरिष्ठ लिपिकानं, म्हणजे मी. तपासायचा कुणी? अधीक्षकानं, म्हणजे मीच. मी माझ्या जुन्या टेबलावर बसून टिपणी लिहिली, 'मान्यतेस्तव सादर'. मामांनी फाइल उचलली आणि चालायला लागले. मीही उठून त्यांच्यामागून निघाले, कारण फाइल पोहोचायच्या आत अधीक्षकांच्या खुर्चीत कुणीतरी असायला हवं. अकरा पावलं. तिथे बसून फाइल उघडली, चष्मा लावला आणि खरं सांगते, त्या खुर्चीत काहीतरी आहे. टिपणी मला अगदीच ढिसाळ वाटली. आदेशाची प्रत जोडलेली नव्हती, पानांना क्रमांक नव्हते. मी शेरा मारला: 'त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावे.'

मामांनी फाइल परत उचलली. मी पुन्हा त्यांच्यामागून.

जुन्या टेबलावर येऊन शेरा वाचला आणि माझं डोकं फिरलं. या बाईला स्वतःला तरी पानांना क्रमांक घालायची सवय आहे का? एवढं मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की भाऊसाहेबांचं बीपी उतरलं आणि ते ऐकायला आले. तिसऱ्या फेरीत फाइल मोठ्या साहेबांकडे गेली. ती त्यांच्या टेबलावर डाव्या बाजूला आहे. उजव्या बाजूच्या फायलींवर सही होते, डाव्या बाजूच्यांवर चहाचा कप ठेवतात.

हळूहळू लोक मला दोन आवाजांत हाक मारायला लागले. लिपिक म्हणून काम असलं की "अहो बाई", सही हवी असली की "मॅडम". किरकोळ रजेचा अर्ज मी मलाच केला आणि कामाचा व्याप पाहता नामंजूर केला. जड संग्रह नोंदवहीत चौदा खुर्च्या निघाल्या, मोजल्या तर बारा. त्यांतल्या दोन मी एकटीच अडवून बसलेली, हे ऑडिटला कसं पटवायचं?

स्क्रँटनच्या त्या जिमची एक सवय मात्र मी उचलली. काही अचाट घडलं की तो नुसता कॅमेऱ्याकडे बघतो. आमच्याकडेही दारावर सीसीटीव्ही आहे. दिवसातून पाच-सहा वेळा मी त्याच्याकडे बघून घ्यायची. बरं वाटायचं. एक दिवस मामा म्हणाले, "त्यो बंद हाय बाई, दिवाळीपासून. दुरुस्तीचा प्रस्ताव तुमच्याकडंच पडलाय."

गेल्या सोमवारी परीक्षा देऊन आलेली एक नवी मुलगी रुजू झाली. जेमतेम तेवीस वर्षांची, पहिल्याच दिवशी पावणेदहाला हजर. दुपारी प्रिंटर अडला. सगळे सवयीनं माझ्याकडे वळले, तर ती पोरगी उठली, मागचं झाकण उघडलं, कडेची पट्टी दाबली आणि कागद अलगद ओढून काढला. कचेरीत शांतता पसरली. तिला थांबवावं, बाजूला घेऊन चार गोष्टी सांगाव्यात, असं मला मनापासून वाटलं. पण तोंडातून निघालं ते असं:

"अगं वा, तुला येतं की!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याकडे. तो अजून बंदच आहे.